रहीमसाहेब

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतामध्ये दोन खेळांना विशेष मान होता. एक क्रिकेट आणि दुसरा हॉकी. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांना हजारो प्रेक्षकांची गर्दी लोटत असे आणि त्या सामन्यांतील खेळाडूंची नावे घरोघरी घेतली जात. हॉकीच्या संघाने तर १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिकच्या सहा स्पर्धांत ओळीने सुवर्णपदक जिंकून साऱ्या जगाला थक्क केले. फुटबॉलचे भाग्य एवढे थोर नव्हते. कलकत्ता, मलबार, हैदराबाद अशा काही ठिकाणी त्या खेळाचे वेड होते. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने बहुतांशी अनवाणी खेळून एका इंग्रज पलटणीच्या संघाला हरवले, तेव्हा लोकांचा ऊर अभिमानाने भरून आला होता. तथापि साऱ्या देशाचा खेळ म्हणून फुटबॉलकडे फारसे कोणी पाहत नव्हते. खेळाडूंच्या अंगी चापल्य होते, हौस होती, धैर्यही होते. उणीव होती ती पद्धतशीर शिक्षणाची. ही उणीव हैदराबादच्या एका शाळाशिक्षकाने ओळखली आणि ती भरून काढण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी हैदराबाद हे निजामाच्या संस्थानाची राजधानी होते आणि आपला मराठवाडाही त्याच संस्थानात मोडत असे. रहीमसाहेबांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. तेथे अभ्यासाबरोबरच फुटबॉलचीही त्यांना गोडी लागली आणि चांगला खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा, चादरघाट अशा शहरातील निरनिराळ्या भागांतील शाळांत त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून ते शाळांतील खेळांकडेही लक्ष देऊ लागले. १९४० नंतरच्या काही वर्षांत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनच्या चिटणीसपदाची धुरा त्यांच्याकडे आली. ती त्यांनी अखेरपर्यंत वाहिली.

शाळेत शिकवणारा मनुष्य मैदानावर गेला, तरी त्याच्यातील शिक्षक मागे राहत नाही. वर्गातील दुबळ्या मुलाचा कच्चा विषय कोणता, हे चांगला शिक्षक प्रथम हेरतो. रहीमसाहेबांनी फुटबॉलच्या बाबतीत तेच केले. बहुतेक खेळाडू चेंडू मारताना एकाच पायावर विसंबतात, आणि तो पाय प्रतिपक्षाने अडवला की त्यांची सारी कला खुंटते, असे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारला पाहिजे. दुसरी खोड अशी, की चेंडू मिळाला की तो पायाशी घोळवत, एकामागून एका प्रतिस्पर्ध्याला हुलकावण्या देत पुढे जाण्याचा मोह खेळाडूंना आवरत नसे. पाहणाऱ्यांना त्यात मौज वाटे, परंतु संघाचा डाव मात्र विसकटे. यावर उपाय म्हणून रहीमसाहेबांनी हुलकावणीला मनाई असलेले सामने योजले. चेंडू आला की तत्काळ साथीदाराकडे द्यायचा आणि आपण मोकळ्या जागेकडे धावायचे, एवढाच त्या सामन्यांचा नियम. या नियमामुळे मुलांच्या दृष्टीला वळण लागले. चेंडूकडे पाहणारी नजर साथीदारांकडेही पाहू लागली. अकरा खेळाडू म्हणजे अकरा शूर शिपाई नव्हेत, ते एकाच शरीराचे अवयव आहेत, ही गोष्ट हैदराबादच्या मुलांना लहानपणीच कळू लागली.

या शिक्षणाचे फळ लवकरच दिसून आले. १९५० साली रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस संघाचे मार्गदर्शक झाले. मुंबईला कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत असत. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा देशातील अत्यंत प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती, आणि कलकत्त्याचे नामांकित संघही तिच्यासाठी मुंबईला येत. हैदराबादच्या पोलिसांनी १९५० साली हा चषक जिंकला. पुढील वर्षी पुन्हा तेच घडले. त्याच्या पुढील वर्षीही तेच. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबादला गेला. १९५० सालचा ड्युरँड चषकही त्यांनीच मिळवला. क्रिकेटचे माहेरघर म्हणून नावाजलेल्या मुंबईतील रसिकांनी ही किमया डोळ्यांनी पाहिली. चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे झरझर जात आहे, कोणीही तो उगाच अडवून ठेवीत नाही आणि पाहता पाहता गोल होत आहे, असा तो खेळ होता.

पोलीस संघाचा हा लौकिक वाढत असतानाच देशाच्या संघाची जबाबदारीही रहीमसाहेबांवर येऊन पडली. १९५१ साली दिल्ली येथे पहिले आशियाई क्रीडासामने भरले. भारतीय फुटबॉल संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना हरवून अंतिम सामना गाठला आणि साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलाच्या बळावर इराणला नमवून सुवर्णपदक जिंकले. देशभर आनंद झाला. परंतु हा आनंद फार काळ टिकणारा नव्हता.

दुसऱ्याच वर्षी, १९५२ साली, फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने झाले. तेथे भारताची गाठ युगोस्लाव्हियाच्या बलाढ्य संघाशी पडली. हवा थंड, मैदान परके आणि आपल्यातील कित्येक खेळाडू अनवाणी. मायदेशी कोरड्या भूमीवर मोकळ्या पायांनी चेंडूला हवे तसे वळण देणारे हे खेळाडू तेथे निष्प्रभ ठरले. आपल्याकडचे सामने नव्वद मिनिटांहून कमी वेळाचे असत, त्यामुळे पूर्ण वेळ दम टिकवण्याची सवयही अनेकांना नव्हती. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, भारताला केवळ एक करता आला. त्याच हेलसिंकीत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक पटकावले. त्यामुळे फुटबॉलचा पराभव अधिकच झोंबला.

असा पराभव पदरी आला म्हणजे काही माणसे नशिबाला दोष देतात, काही खचून जातात. रहीमसाहेबांनी या पराभवाकडे विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले. आपण कोठे कमी पडलो याचा त्यांनी शांतपणे विचार केला. या प्रसंगानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे केले. पायांत बूट आले. पण नुसत्या बुटांनी सामना जिंकता येत नाही. खेळाची रचनाही बदलायला हवी होती. भारतात तोवर दोन खेळाडू बचावाला, तीन मध्यावर आणि पाच आघाडीला, अशी जुनी मांडणी सर्वत्र रूढ होती. युरोपात ती केव्हाच मागे पडली होती. १९५३ साली हंगेरीच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर सहा विरुद्ध तीन गोलांनी हरवले, त्या विजयामागे एक नवी युक्ती होती. त्यांचा आघाडीचा मधला खेळाडू आपली जागा सोडून मागे येई. त्याला रोखण्यासाठी प्रतिपक्षाचा रक्षक त्याच्यामागे ओढला जाई आणि मोकळ्या पडलेल्या जागेत हंगेरीचे इतर खेळाडू मुसंडी मारीत. रहीमसाहेबांनी ही युक्ती नीट अभ्यासली आणि आपल्या खेळाडूंच्या अंगवळणी पाडली.

या अभ्यासाची कसोटी १९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे लागली. ऑलिंपिकच्या या स्पर्धेत भारतापुढे यजमान ऑस्ट्रेलियाचाच संघ उभा ठाकला. समर बॅनर्जी हे भारताचे संघनायक होते. संघात रहीमसाहेबांच्या हाताखाली तयार झालेले नूर महंमद, अझीझ, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते. त्यांच्या जोडीला मुंबईच्या मैदानांवर गाजलेले नेव्हिल डिसूझा हे होते. त्या दिवशी डिसूझांनी एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारताने ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन गोलांनी हरवले आणि उपांत्य सामन्यात प्रवेश केला. तोपर्यंत आशियातील कोणत्याही देशाला हा मान मिळाला नव्हता.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. मध्यंतरापर्यंत कोणालाही गोल करता आला नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल भारताने केला, आणि चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोलांनी धूळ चारली त्यांच्यावर आघाडी घेतल्याचे भाग्य भारतीयांनी काही क्षण अनुभवले. पुढे मात्र युगोस्लाव्हियाने जोर केला आणि सामना चार विरुद्ध एक असा जिंकला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला हरवले. पदक हुकले, तरी ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळाले. हेलसिंकी ते मेलबर्न ही वाटचाल अवघ्या चार वर्षांची होती. पद्धतशीर शिक्षण काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रहीमसाहेब शिस्तीचे कडक होते. सरावाची वेळ चुकवणे त्यांना खपत नसे. त्याचबरोबर खेळाडूची अडचण जाणण्याइतके त्यांचे मन मऊ होते. तुलसीदास बलराम हे सिकंदराबादजवळच्या एका वस्तीतील गरीब घरचे तरुण होते. त्यांचा खेळ रहीमसाहेबांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्यांना शहरात सरावासाठी बोलावले. परंतु रोज एवढे अंतर येण्यासाठी बलरामांच्या हाती पैसा नव्हता. ही गोष्ट कळताच रहीमसाहेबांनी सायकलीच्या भाड्याची तजवीज स्वतः केली, अशी आठवण बलराम पुढे सांगत असत. हाच तरुण पुढे देशातील श्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला. हिरा खाणीत असतो, पण तो ओळखून वर काढणारा हात लागतो.

१९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला हंगेरी, फ्रान्स व पेरू असे कठीण प्रतिस्पर्धी आले. हंगेरीकडून भारत दोन विरुद्ध एक असा हरला. फ्रान्सला मात्र त्याने एक एक अशा बरोबरीत रोखले. या सामन्यातील भारताचा गोल संघनायक प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी केला. पेरूविरुद्धही पराभव झाल्यामुळे भारताला पुढची फेरी गाठता आली नाही. परंतु युरोपच्या नामांकित संघांना भारताशी झुंज द्यावी लागली, हे साऱ्यांनी पाहिले.

यानंतर रहीमसाहेबांच्या आयुष्यातील शेवटचा आणि सर्वांत उज्ज्वल अध्याय सुरू झाला. १९६२ साली इंडोनेशियातील जकार्ता येथे चौथे आशियाई क्रीडासामने भरणार होते. या सुमारास रहीमसाहेबांच्या प्रकृतीला उतरती कळा लागली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. शरीर क्षीण होत होते, परंतु संघाच्या तयारीत त्यांनी खंड पडू दिला नाही. बंगालचे चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी व अरुण घोष, पंजाबचे जर्नेलसिंग, हैदराबादचे बलराम व युसूफ खान, मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले फ्रँको, असे निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे खेळाडू त्यांनी एका सूत्रात ओवले. चुनी गोस्वामींकडे संघनायकत्व होते.

जकार्ताची सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरवले. पुढच्या सामन्यात भारताने थायलंडवर विजय मिळवला, पण त्यात जर्नेलसिंगांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. त्यांच्यावाचून खेळूनही भारताने जपानला हरवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामशी गाठ होती. येथे रहीमसाहेबांनी एक अनपेक्षित निर्णय घेतला. बचावाचा आधारस्तंभ असलेल्या जर्नेलसिंगांना त्यांनी डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत आघाडीच्या मधल्या जागी उभे केले. जर्नेलसिंगांनी गोल करून हा विश्वास सार्थ ठरवला. भारत तीन विरुद्ध दोन गोलांनी जिंकला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशीच पुन्हा लढत ठरली.

तेवढ्यात मैदानाबाहेरचे एक वादळ संघावर येऊन आदळले. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. त्यामुळे जकार्तातील लोक भारतावर संतापले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू रस्त्याने जाताना लोक हुर्यो उडवू लागले. ज्यांचा या वादाशी काडीमात्र संबंध नव्हता, त्या तरुणांना हा रोष सोसावा लागला. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंच्या मनावर मोठे दडपण होते. रहीमसाहेबांनी त्यांना जवळ बोलावले. लांबलचक भाषण त्यांनी केले नाही. उद्या तुम्ही मला सुवर्णपदकाची भेट द्या, एवढेच त्यांनी मागितले, असे त्यांचे शिष्य पुढे अनेक वर्षे गहिवरून सांगत. आपल्या गुरूंची प्रकृती किती ढासळली आहे, हे सर्वांनाच दिसत होते.

४ सप्टेंबर १९६२. सेनायानच्या भव्य क्रीडांगणात सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध होते. भारताच्या राष्ट्रगीताच्या वेळीही गलका थांबला नाही. भारताच्या बाजूने आवाज उठवणारे मोजकेच होते. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, असे भारतीय खेळाडू सांगत. हॉकीच्या अंतिम सामन्यात ज्यांनी भारताला हरवले, तेच फुटबॉलमध्ये भारताला उत्तेजन देत होते. तापातून नुकतेच उठलेले पीटर थंगराज गोलरक्षणासाठी उभे राहिले. जर्नेलसिंग पुन्हा आघाडीला होते.

सामना सुरू झाला आणि त्या कोलाहलात भारतीय खेळाडू आपल्या गुरूंनी शिकवलेला खेळ खेळू लागले. चेंडू कोणाच्या पायाशी रेंगाळेना. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला. त्यानंतर थोड्याच वेळात जर्नेलसिंगांनी दुसरा गोल केला. क्रीडांगणातील गर्जना ओसरू लागली. उरलेला सारा वेळ कोरियाने निकराने चढाया केल्या. अरुण घोष आणि त्यांचे साथीदार भिंतीसारखे उभे राहिले. अखेरच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, परंतु तोवर फार उशीर झाला होता. दोन विरुद्ध एक गोलाने भारत विजयी झाला. ज्या कोरियाने लागोपाठ दोन वेळा आशिया चषक जिंकला होता, त्याला भारताने नमवले होते. गुरूने मागितलेली भेट शिष्यांनी दिली.

या विजयानंतर रहीमसाहेबांना फार आयुष्य लाभले नाही. दुखणे बळावत गेले आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

त्यांच्या मागे भारतीय फुटबॉलने काही काळ आपला लौकिक टिकवला. १९६४ साली आशिया चषकात भारत दुसरा आला, १९७० साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत त्याने कांस्यपदक मिळवले. पुढे मात्र ही ज्योत मंदावली. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघाला ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडता आले नाही आणि जकार्तासारखे सुवर्णपदकही त्याच्या हाती पुन्हा लागले नाही. क्रिकेटचे वेड देशभर पसरले आणि जकार्ताच्या त्या विजयी वीरांची नावे नव्या पिढीला अपरिचित झाली. २०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर एक हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कित्येकांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

एका व्यक्तीबरोबर एवढे वैभव ओसरावे, हे त्या व्यक्तीच्या थोरवीचे गमक आहे, तसेच तो इतरांना एक इशाराही आहे. रहीमसाहेबांनी जी विद्या हैदराबादच्या मैदानांवर लहान मुलांना दिली, ती गावोगावच्या मैदानांवर पोहोचली असती, तर एका दिव्याचे शेकडो दिवे झाले असते. कोणताही खेळ केवळ पैशाने अथवा प्रेक्षकांच्या टाळ्यांनी मोठा होत नाही. त्याला मन लावून शिकवणारा शिक्षक आणि मन लावून शिकणारा विद्यार्थी, असे दोघे भेटावे लागतात. दुबळा पाय कोणता हे ओळखून त्याच पायाने खेळण्याचा सराव करणे, हा रहीमसाहेबांचा पहिला धडा होता. तो केवळ फुटबॉलपटूंनीच नव्हे, तर प्रत्येकाने गिरवण्यासारखा आहे.